तेविसाव्या वर्षी संपलेली कसोटी

३ डिसेंबर २०२४ रोजी दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. गुरूच्या स्मृतीसाठी जमलेल्या त्या सोहळ्यातून देशभर पोहोचले ते मात्र एकच दृश्य. व्यासपीठावर बसलेल्या विनोद कांबळीजवळ सचिन तेंडुलकर गेला, विनोदने त्याचा हात धरला आणि तो हात सोडायला तो तयार होईना. वय अवघे बावन्न, पण शरीर पुरते थकलेले. पुढच्या अठरा दिवसांत त्याला ठाणे जिल्ह्यातील एका रुग्णालयात दाखल करावे लागले. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या झाल्याचे निदान झाले आणि १ जानेवारी २०२५ रोजी तो घरी परतला. वाशिम, कारंजापासून मुंबईपर्यंत मोबाइलच्या पडद्यावर ती चित्रफीत फिरत राहिली आणि प्रत्येक ठिकाणी निकालही एकाच वाक्यात लागला. कुणी म्हणाले, दारूने घात केला. कुणी म्हणाले, मित्राने साथ दिली नाही.

ही दोन्ही वाक्ये सोयीची आहेत. एकात सारा दोष खेळाडूच्या पदरात पडतो, दुसऱ्यात त्याच्या मित्राच्या. ज्या व्यवस्थेत तो खेळला ती दोन्हीकडून निर्दोष सुटते. म्हणून या घसरणीचा हिशेब थोडा बारकाईने मांडणे आवश्यक आहे, आणि तो मांडताना भावनेपेक्षा धावफलकाचा आधार घेणे अधिक बरे.

कांबळीचा जन्म १८ जानेवारी १९७२ चा, मुंबईच्या कांजूरमार्ग परिसरातील सामान्य कामगार कुटुंबातला. वडील गणपत कांबळी स्वतः स्थानिक क्रिकेटमध्ये जलद गोलंदाजी करीत. मुलाला खेळाचे वेड घरातूनच मिळाले. गर्दीच्या लोकलमध्ये किटबॅग सांभाळत दादर गाठायचे, शारदाश्रम विद्यामंदिराकडून खेळायचे आणि शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या नजरेखाली घाम गाळायचा, हा त्याचा दिनक्रम होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली आणि शालेय क्रिकेट जगाच्या नकाशावर आले. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. सहसा विसरली जाणारी गोष्ट अशी की, त्याच सामन्यात कांबळीने गोलंदाजी करून ३७ धावांत ६ बळीही घेतले होते. सोळा वर्षांचा मुलगा एका सामन्यात याहून अधिक काय करू शकतो?

पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तेंडुलकर नोव्हेंबर १९८९ मध्ये, सोळाव्या वर्षी, पाकिस्तानात कसोटी खेळला. कांबळीला एकदिवसीय पदार्पणासाठी ऑक्टोबर १९९१ पर्यंत आणि कसोटीसाठी २९ जानेवारी १९९३ पर्यंत वाट पाहावी लागली. रणजी करंडकात सामोऱ्या आलेल्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारणाऱ्या या डावखुऱ्या फलंदाजाने त्या सव्वातीन वर्षांत धावांचा रतीब घातला होता. सचिन लिफ्टने वर गेला, आपण जिना चढलो, अशा आशयाचे उद्गार कांबळीच्या नावावर पुष्कळदा सांगितले जातात. संधीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण एकदा कसोटीचा दरवाजा उघडल्यावर कांबळी ज्या वेगाने वर गेला तो वेग तेंडुलकरलाही साधलेला नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

आकडेच पाहा. कोलकात्यात १६ आणि नाबाद १८, चेन्नईत ५९, मग वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. कसोटीत लागोपाठच्या दोन डावांत द्विशतके करण्याची कामगिरी त्यापूर्वी वॉल्टर हॅमंड आणि डॉन ब्रॅडमन यांनीच केली होती. त्यानंतर श्रीलंकेत कँडीची कसोटी पावसात वाहून गेली आणि कोलंबोतील दोन कसोटींत १२५ व १२० धावा झाल्या. सलग तीन डावांत तीन निरनिराळ्या देशांविरुद्ध शतके. पहिल्या सात कसोटींअखेर त्याच्या खात्यात ७९३ धावा होत्या आणि सरासरी ११३ च्या पुढे. तेंडुलकरचे पहिले कसोटी शतक नवव्या कसोटीत आले, पहिले द्विशतक तर थेट १९९९ मध्ये. या तुलनेने मोठा खेळाडू ठरवायचा नाही. मात्र ‘कांबळी म्हणजे सचिनच्या सावलीत वाढलेला फलंदाज’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा जरूर डोळ्यांखालून घालावेत.

त्याच्या फलंदाजीचे वर्णन करायला आकडे अपुरेच पडतात. फिरकी गोलंदाजाच्या डोक्यावरून पुढे सरसावत मारलेला उंच फटका ही त्याची खूण होती. एप्रिल १९९४ मध्ये शारजात त्याने शेन वॉर्नच्या एका षटकात २२ धावा लुटल्या. जगातले फलंदाज वॉर्नसमोर चाचपडत असताना हा मुलगा त्याला मैदानाबाहेर भिरकावत होता. गळ्यात साखळी, कानात डूल, चालण्यात ऐट. मुंबईच्या ‘खडूस’ फलंदाजीच्या शिस्तीत हे सारे नवे होते आणि अनेकांच्या डोळ्यांत खुपणारेही.

आता घसरणीकडे वळू. नोव्हेंबर १९९४ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ मुंबईत खेळत होता. पहिल्या डावात कांबळीने ४० धावा केल्या आणि त्या करताना कसोटीतील आपली हजारावी धाव घेतली. अवघे चौदा डाव. कोणत्याही भारतीयाने आजवर याहून कमी डावांत हा टप्पा गाठलेला नाही. ज्या शहरात तो खेळ शिकला त्याच शहरात तो विक्रम झाला, आणि त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात तो शून्यावर बाद झाला. पुढची कसोटी आपल्या विदर्भात, नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानावर होती. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. पश्चिम विदर्भातील क्रिकेटवेड्यांना ‘घरच्या’ कसोटीत त्याची फलंदाजी पाहायची होती. तेंडुलकरने तेथे १७९ धावा केल्या. कांबळीने ० आणि ६. मोहालीत १८ आणि ०. तीन कसोटींत मिळून ६४ धावा. कोर्टनी वॉल्श आणि केनेथ बेंजामिन यांनी छातीच्या उंचीवर येणारा आखूड टप्प्याचा मारा करून त्याच्या तंत्रातील फट साऱ्या जगाला दाखवून दिली.

यानंतर कांबळीला किती संधी मिळाली? १९९५ च्या शेवटी न्यूझीलंडविरुद्ध पावसाने विस्कटलेल्या तीन कसोटी, त्यांत दोन डाव, ५५ धावा. नोव्हेंबर १९९५ मधील कटकची कसोटी ही त्याची शेवटची कसोटी ठरली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. १७ कसोटी, २१ डाव, १०८४ धावा, ४ शतके, सरासरी ५४.२०. या सतरांपैकी केवळ एक कसोटी, मार्च १९९४ मधील हॅमिल्टनची, उपखंडाबाहेर झाली. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका वा वेस्ट इंडिज येथे त्याला एकदाही कसोटीत खेळवले गेले नाही. उसळत्या चेंडूवर तो कमकुवत होता हे मान्य केले, तरी ती कमतरता जेथे दूर होऊ शकली असती तेथे त्याला कधी पाठवलेच नाही, ही वस्तुस्थिती उरते.

टीकाकार म्हणतील की तंत्र सुधारणे ही खेळाडूचीच जबाबदारी असते. ते बरोबरच आहे. राष्ट्रीय संघाची जागा म्हणजे शिकवणीवर्ग नव्हे. पण मग सात कसोटींत ७९३ धावा करणाऱ्या फलंदाजाच्या बाबतीत निवड समितीचा संयम एका वाईट मालिकेने का संपावा, याचेही उत्तर हवे. जाहीरपणे कारण दिले गेले नाही, कुजबुज मात्र भरपूर झाली. बेशिस्त, रात्रीची जागरणे, मद्य. मद्याच्या सवयीबद्दल पुढे कांबळी स्वतःच उघडपणे बोलला आहे, त्यामुळे त्या कुजबुजीत काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. खरी अडचण वेगळीच होती. त्या काळी खेळाडूंना वार्षिक करार नव्हते, संघाबरोबर मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, आहार आणि व्यायामाकडे पाहणारी यंत्रणा नव्हती. शिस्तीचे एकच साधन उपलब्ध होते, ते म्हणजे संघातून काढून टाकणे. ज्याचे सगळे आयुष्य मैदानावर उभे आहे त्याला मैदानाबाहेर काढल्यावर तो कोठे जाईल, याचा विचार करणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

आणि नेमक्या त्याच वर्षांत या खेळात पैशाचा पूर येऊ लागला होता. १९९३ च्या ज्या इंग्लंड मालिकेत कांबळीने कसोटी पदार्पण केले, त्याच मालिकेचे प्रक्षेपण हक्क क्रिकेट मंडळाने खासगी कंपनीला विकले. प्रक्षेपण लहरी ही सरकारची मक्तेदारी नव्हे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी १९९५ मध्ये आला. म्हणजे चाळीत वाढलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाच्या हाती प्रसिद्धी आणि पैसा आला तेव्हा तो कसा पेलायचा याचा अनुभव मंडळालाही नव्हता, पत्रकारांनाही नव्हता, घरच्यांनाही नव्हता. ही पिढी प्रयोगात सापडलेली पिढी होती. तेंडुलकर त्या प्रयोगातून तावून सुलाखून बाहेर पडला याचे श्रेय त्याच्या स्वभावाला आणि घरातील भक्कम आधाराला द्यायलाच हवे. सर्वांना तसे घर आणि तसा स्वभाव लाभेल असे गृहीत धरून मात्र व्यवस्था चालवता येत नाही.

१३ मार्च १९९६ ची ईडन गार्डन्सवरील रात्र अनेकांना आठवत असेल. विश्वचषकाची उपांत्य लढत, श्रीलंकेविरुद्ध ८ बाद १२० अशी अवस्था, प्रेक्षकांनी पेटवलेले कागद, फेकलेल्या बाटल्या आणि नाबाद १० धावांवर मैदान सोडताना ढसाढसा रडणारा कांबळी. आठवडाभरापूर्वीच कानपूरला झिम्बाब्वेविरुद्ध त्याने १०६ धावा केल्या होत्या. ते लोकांच्या लक्षात राहिले नाही, अश्रू लक्षात राहिले. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या संघात तो नव्हता. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर सौरव गांगुली आणि राहुल द्रविड या दोघांनी एकाच कसोटीत पदार्पण केले, वर्षअखेरीस व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आला. मधल्या फळीचे दार पुढील पंधरा वर्षांसाठी बंद झाले. एकदिवसीय संघात त्याचे येणे-जाणे ऑक्टोबर २००० पर्यंत चालू राहिले. शारजातील ज्या अंतिम सामन्यात श्रीलंकेने भारताला ५४ धावांत गुंडाळले, तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. एकूण १०४ एकदिवसीय सामन्यांत २४७७ धावा.

प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये मात्र तो धावा करीतच राहिला. १२९ सामन्यांत ९९६५ धावा, सरासरी ५९.६७, शतके ३५. दहा हजारांचा टप्पा पस्तीस धावांनी हुकला. शतके जितकी, तितक्याच धावा कमी पडल्या. क्रिकेटच्या आकडेवारीला कधी कधी असा क्रूर विनोद सुचतो.

निवृत्तीनंतरचे प्रसंग येथे फार उगाळण्याचे कारण नाही. चित्रपट झाला, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम झाले, २००९ मध्ये विक्रोळीतून विधानसभेची निवडणूक लढवून पराभवही झाला. त्याच वर्षी एका कार्यक्रमात, सचिनने आपल्यासाठी अधिक काही करायला हवे होते, असे तो बोलून गेला आणि मैत्रीत अंतर पडले. नोव्हेंबर २०१३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की, मंडळाकडून मिळणारे दरमहा ३० हजार रुपये निवृत्तिवेतन हेच आपले एकमेव उत्पन्न आहे आणि मुंबई क्रिकेट संघटनेने आपल्याला काम द्यावे. त्याने मदत मागितली नव्हती, काम मागितले होते. हा फरक त्या वेळच्या बातम्यांच्या मथळ्यांत बहुतेक ठिकाणी हरवला.

त्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, मंडळाने आयपीएलचे पाच वर्षांचे प्रसारमाध्यम हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले होते. त्याच महिन्यात माजी खेळाडूंच्या निवृत्तिवेतनात वाढही झाली, हे मान्य करायला हवे. पण निवृत्तिवेतन म्हणजे महिन्याच्या खर्चाची सोय. व्यसन, नैराश्य, दीर्घ आजार यांतून माणसाला बाहेर काढायला दरमहाची रक्कम पुरेशी नसते. तिथे पाठपुरावा करणारी संस्था लागते. कांबळीच्या आजारपणात पुढे आली ती माणसे, संस्था नव्हे. कपिलदेव व १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील सहकाऱ्यांनी उपचारांसाठी तयारी दाखवली, मात्र व्यसनमुक्तीसाठी विनोदने स्वतः पाऊल उचलावे अशी रास्त अट घातली. एप्रिल २०२५ पासून सुनील गावसकर यांच्या ‘चॅम्प्स’ प्रतिष्ठानाने त्याला दरमहा ३० हजार रुपये आणि औषधोपचारांसाठी वर्षाला आणखी ३० हजार रुपये देण्यास सुरुवात केली. गावसकर यांचे कौतुक करावे तितके थोडे. पण जगातील सर्वांत धनाढ्य क्रिकेट मंडळाच्या देशात एका माजी कर्णधाराच्या खासगी प्रतिष्ठानाला मंडळाच्या निवृत्तिवेतनाइतकीच रक्कम आपल्याकडून घालावी लागते, हे भूषणावह खचितच नाही.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळातही अशीच एक कहाणी आहे. आपल्याकडे तो खेळ फारसा परिचित नाही. बॅटने टोलवलेला चेंडू थेट कुंपणापार घालवणाऱ्या फलंदाजाला तिथे आपल्याकडील षटकारवीरासारखेच प्रेम मिळते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. डॅरिल स्ट्रॉबेरी हा लॉस एंजल्सचा डावखुरा फलंदाज १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने देशातील पहिल्या पसंतीचा खेळाडू म्हणून निवडला. १९८३ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला, १९८६ मध्ये संघाला अजिंक्यपद मिळाले. कारकिर्दीत ३३५ वेळा त्याने चेंडू कुंपणापार धाडला. पण १९९५ मध्ये कोकेनमुळे निलंबन झाले, पुढे कर्करोग, नंतर तुरुंगवास. हा माणूस संपला असे सर्वांनी गृहीत धरले. तो सावरला, धर्मोपदेशक झाला आणि १ जून २०२४ रोजी मेट्सने त्याचा १८ क्रमांक सन्मानाने कायमचा राखून ठेवला. त्या खेळात अडचणीतील माजी खेळाडूंना मदत करणारी संस्था माजी खेळाडूंनीच १९८६ मध्ये उभी केली होती. भारतात खेळाडूंची अधिकृत संघटना आली ती २०१९ मध्ये, तीही न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींमुळे.

आज चित्र थोडे पालटले आहे. यशस्वी जयस्वालचे उदाहरण घ्या. मुंबईत आझाद मैदानावरील तंबूत दिवस काढलेला, तोही डावखुरा, त्यानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्ध लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके केली. कसोटीतील हजार धावांना त्याला सोळा डाव लागले, कांबळीपेक्षा दोन अधिक. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर पहिल्या डावात शून्यावर बाद झाल्यावर त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात तो १६१ धावा करू शकला. गुणवत्ता दोघांकडेही होती. एकाला त्या खेळपट्टीवर उभे राहायला मिळाले.

आपल्या भागाचा या साऱ्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे आचरेकर सरांचेच शिष्य. त्यांची कडक शिस्त सर्वांना ठाऊक आहे. २०२४-२५ मध्ये नागपुरात केरळविरुद्ध विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उंचावला. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव खापरखेड्यातून कसोटी संघात पोहोचला, अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये आयपीएल विजेत्या बंगळुरू संघात होता. या यशाने रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोऱ्यातील मुलांच्या डोळ्यांत स्वप्न पेरले आहे. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या झालेल्या वावरात टेनिस बॉलवर षटकार ठोकणारा मुलगा गावात नायक ठरतो. तोच जेव्हा नागपूरला किंवा अमरावतीला निवड चाचणीसाठी जातो आणि लेदरचा चेंडू पहिल्यांदा बरगडीपर्यंत उसळून येतो, तेव्हा त्याचे वॉल्श आणि बेंजामिन त्याला भेटलेले असतात.

त्या मुलांपैकी फार थोडे पुढे जातील. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न वाशिमसारख्या, निती आयोगाने आकांक्षित म्हणून नोंदलेल्या जिल्ह्यात अधिकच टोकदार होतो. दहावी-बारावी अर्धवट सोडून मैदानात उतरलेला, बावीस-तेविसाव्या वर्षी निवडीबाहेर गेलेला मुलगा घरी परततो तेव्हा त्याच्या हातात ना पदवी असते ना हुन्नर. त्याचे नाव कोणत्याही वृत्तपत्रात येत नाही आणि त्याला दरमहा ३० हजार देणारे कोणतेही मंडळ नसते. जिल्हा क्रीडा कार्यालय, शाळा आणि क्रिकेट संघटना या तिघांनी मिळून अशा मुलांच्या शिक्षणाची सांगड खेळाशी घालणे शक्य आहे. शालेय स्पर्धेतील खेळाडूची हजेरी आणि गुणपत्रिका तपासूनच त्याला पुढच्या शिबिरात घेणे, प्रत्येक तालुक्यात निदान एक मॅटिंगची खेळपट्टी असणे, पंच, गुणलेखक, मैदान तयार करणारा कर्मचारी या कामांचे प्रशिक्षण मागे राहिलेल्यांना देणे, यांपैकी कशालाही ४८ हजार कोटी लागत नाहीत.

आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत, आणि सराव संपेपर्यंत बाद न होणाऱ्या फलंदाजाला ते मिळत असे. तेंडुलकरने ती नाणी जपून ठेवली आहेत. सरांचे २ जानेवारी २०१९ रोजी निधन झाले. त्यांच्या स्मारकाजवळ आजही सकाळ-संध्याकाळ जाळ्यांत मुले खेळत असतात, आणि त्यांतल्या काहींच्या किटबॅगा कांजूरमार्गच्याही पलीकडून, लोकलच्या त्याच गर्दीतून येतात.